डोंगरावरचं सरकतं छप्पर

सरकारी आरेखकाचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. इमारत कशी हवी हे साहेब ठरवतात, ती गवंडी बांधतो, आणि या दोघांच्या मधे एक माणूस टेबलावर वाकून ती आधी कागदावर उभी करतो. तो मधला माणूस मी. नांदेडला बांधकाम खात्यात चिकटलो आणि लातूरहून निवृत्त झालो. शाळाखोल्या काढल्या, दवाखाने, तहसील कचेऱ्या, विश्रामगृहं काढली, औशाच्या बाजारात जनावरांसाठी शेडसुद्धा काढली. यातल्या बहुतेक इमारतींचे नमुना नकाशे खात्याच्या कपाटात तयार असत. गाव बदलायचं, पण दारं-खिडक्या जिथल्या तिथं. वळण पडलं की हात आपोआप चालतो, डोक्याला फारसा त्रास होत नाही.

ज्या इमारतीचा नमुना कुठल्याच कपाटात नव्हता, अशी एकच माझ्या वाट्याला आली. लोक कौतुकाने विचारतात, तेव्हा तिच्याबद्दल मी बऱ्याचदा बोललो आहे. पण त्यातला शेवटचा भाग मी कधी सांगितला नव्हता. आज तो सांगावा म्हणतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी नांदेडहून तिकडे बदली झाली. कार्यालयाला इमारत नव्हती. एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची टेबलं लागली. खाली तुरीची पोती, वर आम्ही. नकाशाच्या कागदावर सारखी धूळ बसायची आणि आम्ही ती फडक्याने झटकत बसायचो. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं. त्यात आमच्या कार्यकारी अभियंत्यांकडे, म्हणजे मोठ्या साहेबांकडे, एक वेगळंच काम आलं. डोंगरावर वेधशाळा बांधायची.

त्याचं झालं होतं असं. नांदेडच्या एका कॉलेजला परदेशी स्थायिक झालेल्या जुन्या विद्यार्थ्याने मोठी दुर्बीण भेट पाठवली होती. शहरातला उजेड आणि धूळ यांत ती लावून उपयोग नव्हता, म्हणून ती लाकडी खोक्यातच पडून होती. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कादरी सर सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने जाऊन बालाघाटचे डोंगर पालथे घालत होते. शेवटी त्यांना अहमदपूरच्या बाजूला एक डोंगर पसंत पडला. नव्या जिल्ह्याची हद्द आखली तेव्हा या डोंगराचा माथा लातूरकडे आला होता आणि पायथ्याची पांगरवाडी नांदेडकडे राहिली होती. दुर्बीण नांदेडची, पण डोंगरमाथा आपला, तेव्हा इमारत आपण बांधायची, असं लातूरने ठरवलं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की वेधशाळा म्हटली की घुमट पाहिजे, आणि तो खालच्या रस्त्यावरून दिसला पाहिजे. मी जीव ओतून नकाशा काढला. मधे अष्टकोनी दालन, वर घुमट, भोवती सज्जा, पाहुण्यांची खोली, पुढे खांबांचा व्हरांडा. त्याच्यासारखं काही मी आधी काढलं नव्हतं. मला तो फार आवडला होता.

कादरी सर तो बघायला आले. बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. त्यांनी नकाशा उलगडला आणि बराच वेळ बघत राहिले.

"लई सुंदर काढलंय, गंगाधरराव," ते म्हणाले. "पण हिच्यात बसवली तर दुर्बिणीला काही दिसणार नाही."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळनंतर ते बाहेर टाकतं. वैशाखात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, तशीच या इमारतीवरची हवा थरथरणार आणि तारा नुसता कापत राहणार. शिवाय दालनात माणूस चालला की फरशी हलते, आणि फरशी हलली की दुर्बीण हलते. दुर्बिणीत ती हालचाल शेकडो पटीने मोठी होऊन दिसते. थोडक्यात, वेधशाळेत इमारत जितकी कमी, तितकं काम चांगलं. आयुष्यभर इमारती काढणाऱ्या माणसाला हे पचायला दोन दिवस लागले.

घुमट मात्र त्यांनाही हवा होता. हैदराबादला शिकत असताना त्यांनी हाताने फिरणारा घुमट पाहिला होता. दोरी ओढली की अख्खा घुमट गरगरत वळतो आणि त्याची फट हव्या त्या ताऱ्यासमोर येते. हे सांगताना त्यांनी माझ्याच पेन्सिलीने तो घुमट कागदामागे काढून दाखवला. प्राध्यापकाचं चित्र, वाकडंतिकडं, पण फट कुठं असते, चाकं कुठं असतात, दोरी कुठून जाते, सगळं त्यात होतं. मग मी दुसरा नकाशा काढला. एक लहान गोल खोली, तिच्यावर काँक्रीटचं कडं, कड्यावर चाकं आणि चाकांवर लोखंडी घुमट. दुर्बिणीसाठी मधोमध खडकातून वर आलेला खांब, त्याच्याभोवती फरशीशी चार बोटांची मोकळी फट. म्हणजे माणसं फरशीवर चालली तरी खांबाला त्याचा पत्ता लागू नये.

जागेवर खुणा करायला आम्ही दोघं डोंगर चढलो. सरांनी एक काठी उभी रोवली आणि सकाळपासून तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खुणा करत राहिले. दुपार टळल्यावर त्या खुणांवरून त्यांनी उत्तर दिशा काढून दिली. तोवर मी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढत आलो होतो, आणि बहुतेक वेळा तो अंदाजानेच. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला खरी उत्तर दाखवली.

काम औशाच्या शिवमूर्तीअप्पांना मिळालं. अप्पा मुरलेले गवंडी. कपाळाला भस्म, कमी बोलणं. खांब उभा राहिला, त्याला पोती गुंडाळून पाणी मारून झालं. आता गोल भिंत आणि वरचं कडं ओतायचं होतं. पण त्या वर्षीही पाऊस आला नाही. आधीचं साल कोरडं गेलेलं, त्यावर हे. काँक्रीट ओतलं की त्याला पुढे बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं. यासाठी लातूरकडून टँकर यायचा आणि पायथ्याहून गाढवांवर पाणी वर चढायचं.

एक दिवस अप्पांचा माणूस निरोप घेऊन आला, की पांगरवाडीच्या बायका टँकरपुढे बसल्यात. मोठे साहेब मुंबईला गेले होते. उपअभियंत्यांनी मला जीपमध्ये बसवून पाठवलं. तुझ्या नकाशाचं काम आहे, तूच समजावून ये, म्हणाले.

तीस-चाळीस बायका रस्त्यावर बसल्या होत्या, रिकाम्या घागरी पुढे ठेवून. त्यांच्या वतीने अनसाबाई नावाची पन्नाशीतली बाई बोलत होती. तिच्याकडून कळलं, की पांगरवाडीचा टँकर नांदेडकडून मंजूर होता, पण रस्ता लातूरच्या हद्दीतून येत असल्याने तो अर्ध्या वाटेवरूनच परत जात होता. गेले आठ दिवस आला नव्हता. गावच्या विहिरीला तळ लागला होता. आणि रोज त्यांच्या डोळ्यांदेखत एक भरलेला टँकर डोंगरापाशी येत होता.

"साहेब, आमच्या लेकरायला प्यायला न्हाई," ती म्हणाली, "अन् तुमी दगडाला पाणी पाजून राह्यले. दगड तहानंनं मरतो का?"

काँक्रीट का भिजवावं लागतं ते मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग पाऊस पडल्यावर बांधा की, म्हणाली. नवा जिल्हा आहे, उद्घाटनाची तारीख ठरलेली आहे, असं मी म्हणालो.

"तारीख तुमी ठिवली," ती म्हणाली. "दुष्काळ आमी ठिवला न्हाई."

मी टँकरवाल्याला म्हणालो, गावात नेऊन रिकामा कर. त्याने लेखी मागितलं, आणि त्याचं बरोबरच होतं. माझ्याजवळ नकाशाची एक प्रत होती. तिच्या पाठीवर मी लिहून दिलं, की काम थांबवलं आहे, पाणी गावाला द्यावं, आणि खाली सही केली. असा हुकूम देण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. टँकर गावाकडे वळला, बायका घागरी उचलून मागे गेल्या, आणि मी दगडावर बसून राहिलो. नोकरी जाईल का, एवढाच विचार डोक्यात होता. दोन पोरी शिकत होत्या.

अप्पा शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "पाण्याबगर स्लॅब व्हत न्हाई. पर भिंत व्हती. आमच्या वाडवडलांनी नुसत्या दगडावर दगड ठिवून बांध घातलेत, अजून उभे हायेत."

लातूरला परतलो तोवर कारणे दाखवा नोटीस टेबलावर होती. तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा मी कागद लावला आणि तिसरा नकाशा काढायला घेतला. काँक्रीट नाही, कडं नाही. डोंगरावरच्याच काळ्या दगडाची छातीइतकी कोरडी भिंत, मातीसुद्धा न लावता रचलेली. आत जमिनीवर फरशा. वर लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं छप्पर, आणि ते छप्पर चाकांवर, दोन रुळांवर. संध्याकाळी ढकललं की अख्खं बाजूला सरकेल आणि दुर्बिणीवर मोकळं आकाश राहील. पत्रा अंधार पडताच निवतो आणि कोरड्या भिंतीतून वारा खेळतो, तेव्हा उष्णतेचाही प्रश्न मिटत होता. मला वाटलं, हे आधीच का सुचलं नाही.

पण हा नकाशा साहेबांच्या आधी सरांना दाखवायला हवा होता, कारण घुमट त्यांचा होता. मी पहिल्या गाडीने नांदेडला गेलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली. पांगरवाडीत काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. पुन्हा काढला.

"म्हणजे घुमट गेला," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी वजनं उचलून नकाशाची गुंडाळी केली. मग शांतपणे म्हणाले, मोठ्या साहेबांकडे मीपण येतो.

आणि आले. साहेब भडकलेले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी सरांना विचारलं, की घुमटाशिवाय कसली वेधशाळा. सरांनी सांगितलं, की घुमट नको हे आपलंच मत आहे. घुमटात दिवसाची गरम हवा कोंडते, आणि आपण हे आधीच लेखी कळवायला हवं होतं. चूक आपली आहे, गंगाधररावांनी फक्त आपल्या सांगण्यावरून काम थांबवलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. साहेबांनी नकाशा मंजूर केला. मला तोंडी समज मिळाली आणि नोटीस फायलीत गेली. माझी नोकरी अशी वाचली.

काम सुरू झालं. अप्पांच्या हातात कोरडी भिंत अशी चढत गेली, की एका दगडाला धक्का दिला तर सबंध भिंत अंग घट्ट करते असं वाटायचं. एकच घोटाळा झाला. फरशा बसवून झाल्यावर खांबाभोवतीची चार बोटांची फट अप्पांना खटकली. काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं म्हणून त्यांनी ती चुन्याने सुबक भरून टाकली. सर आले, फट बघितली, पण रागावले नाहीत. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी एका वाटीत ओतून ती खांबावर ठेवली आणि अप्पांना फरशीवर चालायला लावलं. अप्पांच्या प्रत्येक पावलाला वाटीत गोल लाट उठत होती. अप्पा वाकून बघत राहिले, मग निमूट छिन्नी घेऊन बसले. फट पुन्हा मोकळी झाल्यावर परत चालले, तर पाणी आरशासारखं स्थिर. अप्पा हसले. सरांनी वाटीतलं ते पाणी फेकलं नाही, पिऊन टाकलं.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी खालून वर बघितलं आणि हे गोदाम कशाचं, असं विचारलं. भाषणं झाली, हार झाले, गाड्या गेल्या. उजेड असतानाच पांगरवाडीच्या बायका वर आल्या. डोंगरावरचं यंत्र ढग पळवून लावतं, अशी गावात कुजबुज होती, आणि अनसाबाई खरंखोटं करायला आली होती. तिने सरांना थेट विचारलं, की ह्यातून पाऊस कुठवर आलाय ते दिसतं का. सर म्हणाले, नाही बाई, ढग आले की उलट आम्हालाच काही दिसत नाही. ते खोटी आशा लावत नाहीत हे तिला पटलेलं दिसलं. चंद्र वर आला होता. सरांनी दुर्बीण लावून दिली. अनसाबाई बराच वेळ डोळा लावून उभी होती.

"आमच्या माळावानीच हाय की," ती म्हणाली. "लई उजाड. तिथं बी पाणी न्हाई."

पुढे बरीच वर्षं ही वेधशाळा माझ्या अभिमानाची जागा होती. कुणी पाहुणा आला की मी त्याला वर न्यायचो आणि छप्पर स्वतः ढकलून दाखवायचो. एका हाताने सरकायचं. भिंत पाण्याशिवाय उभी केली, हे तर मी प्रत्येकाला सांगायचो. सर तिथं असले तर बाजूला उभे राहून ऐकायचे.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मी होळीनंतर एकदा वर गेलो. सर केव्हाच निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेले तरुण प्राध्यापक तिथं होते. मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि संकोचत म्हणाले, की छप्पर छान आहे, पण उन्हाळ्यात इथं काम होत नाही. पश्चिमेचा वारा सरळ नळीवर आदळतो आणि दुर्बीण थरथरते. घुमट असता तर वारा अडला असता. मला ते पटेना. त्यांनी निरीक्षणांच्या जुन्या वह्या काढून दिल्या.

सरांचं अक्षर. तारीख, वेळ, आणि पुढे, "वारा. काम नाही." पान उलटलं. "वारा. काम नाही." फाल्गुन ते ज्येष्ठ, वर्षामागून वर्ष. पाऊस येण्याआधी आकाश मोकळं असतं ते हे महिने. नांदेडहून दोन गाड्या बदलून, डोंगर चढून, छप्पर सरकवून ते बसत होते, आणि एवढं लिहून उतरत होते.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला त्यांच्या घरी गेलो. ते आता फार थकले होते. मी विचारलं, सर, मला सांगितलं का नाही.

"पहिल्या वर्षी सांगणार होतो," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही पाहुण्यांना छप्पर दाखवत होता. तुमचा चेहरा बघितला आणि राहून गेलं. मग दर वर्षी जास्त अवघड होत गेलं." मग म्हणाले, "ते बरोबर नव्हतं. बिघाड लपवला की तो दुरुस्त होत नाही. हे मी पोरांना शिकवायचो."

मी म्हणालो, चूक माझी. मी पाण्याचा विचार केला, उष्णतेचा केला, पण वाऱ्याबद्दल तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. घाईत होतो, आणि नंतर खुशीत होतो. आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो. मग त्यांनी विचारलं, "कागद आणलाय?"

आणला होता. पश्चिमेची भिंत वर उचलायची, एवढंच काम होतं. मी माणसाच्या डोक्यावर हातभर उंची दाखवली होती. त्यांनी पेन्सिलीची रेघ मारून ती डोक्याइतकी खाली आणली, कारण मी काढलेल्या उंचीने पश्चिमेचं बरंच आकाश झाकलं जात होतं. औशाला अप्पांकडे गेलो. त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली. कोरडी भिंत इतकी उंच न्यायची तर बूड दुप्पट रुंद हवं, म्हणाले. वय झालं होतं, तरी वर येऊन दगडावर बसले आणि पांगरवाडीच्या माणसांकडून त्यांनी ती रचून घेतली. या कामाला मंजुरी नव्हती आणि मी मागितलीही नाही.

भिंत झाली त्या संध्याकाळी वारा सुटला होता. मी खांबाजवळ मेणबत्ती लावून ठेवली. ज्योत वाकली, पण विझली नाही.

सरांना वर नेणं शक्य नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन मेणबत्तीचं सांगितलं. त्यांना बरं वाटलं. पण लगेच त्यांनी विचारलं, "आता काय गेलं, ते सांगा."

हे या वेळी मी तपासून गेलो होतो. मावळतीचा बुध आता दुर्बिणीतून दिसणार नाही, शुक्रही खाली उतरला की भिंतीआड जातो, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या माणसाला शोधावं लागू नये."

त्याच आठवड्यात मी पुन्हा डोंगर चढलो आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलं: भिंतीमुळे काय वाचलं आणि काय गेलं. खाली आम्हा तिघांची नावं घातली, कादरी सर, शिवमूर्तीअप्पा आणि मी.